मेव्हण्याच्या ट्रॉलीला सळई लावली नाही

खरं सांगायचं तर मी हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला बसले आणि दोनदा सगळं पुसून टाकलं. बाबा म्हणाले, "नको त्या भानगडीत पडू नकोस." आतोबा म्हणाले, "लिही, पण नीट लिही, गवत कापण्यापासून लिही." आत्या म्हणाली, "लिहायचं तर लिही, मला वाचून दाखवू नकोस." तिघांची तीन तोंडं. आणि ज्याच्यामुळे माझा हात खरा अडला होता तो माणूस पुलापलीकडे राहतो. माझ्या लिहिण्याने त्याचं भलं होईल की वाटोळं, हे मला आत्ता टाइप करतानाही कळत नाहीये.

तरी लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. गावात त्यांना गवतसाहेब म्हणतात. निम्मे लोक मानाने म्हणतात, निम्मे टोमणा म्हणून, आणि मी इतक्या सुट्ट्या तिथे काढल्या तरी कोण कुठल्या निम्म्यात आहे ते मला नीट सांगता येणार नाही. वाणी "या गवतसाहेब" म्हणतो तेव्हा खुर्ची पुढे करतो. पोस्टातला माणूसही "या गवतसाहेब"च म्हणतो, पण मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसतं. आतोबा दोघांनाही सारखंच "बरंय ना?" विचारतात.

उंच आहेत, आता जरा वाकलेत. कितीही उकडत असलं तरी फुल शर्ट, उजव्या मनगटाचं बटण लावलेलं. त्या बाहीच्या आत कोपरापासून खाली हाताची कातडी चुरगळून परत सरळ केलेल्या कागदासारखी आहे. चहाचा कप डाव्या हाताने धरतात. दूध संकलन केंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत ते आणि आत्या राहतात. सकाळी खाली कॅनची आदळआपट सुरू झाली की वर भांडी थरथरतात आणि आत्या म्हणते, "झाली यांची आरती सुरू." स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर डोंगराची धार दिसते. सगळं भांडण त्या धारेचं. हा देश म्हणतो आमची, तो देश म्हणतो आमची. खाली ओढा, ओढ्यावर एकच पूल. पुलाच्या अलीकडे 'इकडे', पलीकडे 'तिकडे'. माझ्या घरात ही दोन नावं देशांच्या नावांपेक्षा जास्त वापरतात.

आता गवत.

मी जन्मायच्या आधी तिथे युद्ध झालं. धारेवर तोफा चढवल्या होत्या आणि वर जायला रस्ताच नव्हता. गोळे, पीठ, रॉकेल, औषधं, सगळं खेचरांच्या पाठीवरून जायचं. आणि खेचर खातं. प्रचंड खातं. आतोबा तेव्हा डेअरीच्या चाऱ्याचं काम बघायचे, तरुण होते, नुकतं लग्न झालेलं. एक दिवस लष्कराची जीप चौकात येऊन थांबली. आतल्या साहेबाने विचारलं, "इथे गवतातलं कोणाला कळतं?" आणि चौकातल्या झाडून सगळ्यांनी आतोबांकडे बोट केलं.

"म्हणजे माझी नेमणूक झाली ती बोटांनी," आतोबा सांगतात. "कागद नंतर आला."

काम असं होतं, की आजूबाजूच्या गावांतून गवत गोळा करायचं, वाळलेलं आहे का ते बघायचं, डेपोत त्याच्या गंज्या रचायच्या आणि खेचरांना पुरवायचं. ऐकायला किती सोपं. पण तिथे प्रत्येकाच्या गोठ्यात गाय आहे आणि हिवाळा लांबलचक. सरकारला गवत दिलं तर गाय काय खाणार? म्हणून लोक लपवायचे. आतोबा आधी घरोघर फिरले आणि गवत न बघता गोठ्यातली तोंडं बघितली. गाईला बर्फ वितळेपर्यंत लागेल तेवढं घरात ठेवायचं, वरचं डेपोला, असा त्यांचा हिशोब. साहेब भडकला.

"तुम्हाला गाई महत्त्वाच्या की सैन्य?"

"साहेब, सैन्याच्या चहात दूध कुठून येतं?"

साहेब म्हणे चहाच पीत होता तेव्हा. कपाकडे बघितलं आणि उरलेला चहा पिऊन निघून गेला.

एका एकट्या म्हातारीने तर गवत गादीत भरलं होतं. आतोबा गेले, ती म्हणाली बसा, हे गादीवर बसले आणि गादी कुरकुर कुरकुर करायला लागली. म्हातारीचा चेहरा पांढरा. आतोबा म्हणाले, "गादी झकास आहे हो मावशी. जरा जास्तच भरलीय, पण झकास." आणि उठून पुढच्या घरी गेले. ती म्हातारी वारेपर्यंत दिवाळखोर मांजरीसारखं त्यांच्या मागे मागे करायची असं आत्या सांगते. (दिवाळखोर मांजर म्हणजे काय हे मी विचारलं. "असंच," म्हणाली.)

आणि गुंता असा की गवताला सीमा नव्हती. आमच्या बाजूच्या उतारावर ऊन उशिरा येतं, तिकडच्या उतारावर लवकर. त्यामुळे पूर्वीपासून आमची माणसं तिकडे जाऊन कापायची, तिकडची आमच्याकडे येऊन कापायची, ट्रॉल्या एकमेकांच्या वापरायची. युद्ध लागल्यावरही पूल काही महिने उघडाच होता, कारण धार नक्की कोणाची तेच ठरलेलं नव्हतं तर बंद काय करणार! मग तिकडच्या सैन्याचाही तिकडच्या गावांना निरोप आला, की आम्हालाही खेचरं आहेत, गवत द्या. इकडे आड, तिकडे विहीर. त्या गावांनी अर्धं इकडे दिलं, अर्धं तिकडे. कधी कधी एकच ट्रॉली सकाळी या डेपोत, संध्याकाळी त्या डेपोत.

"आणि तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"मग तुम्ही सांगितलं नाही साहेबाला?"

"सांगितलं असतं तर अर्धं यायचं तेही बंद झालं असतं. अर्धं येतंय ना? दार उघडं ठेव."

मला हे बरोबर वाटतं की चूक, तेव्हाही कळलं नव्हतं. आज जास्तच कळत नाही.

गवत फक्त गोळा करून भागत नाही, ते वाळलेलं लागतं. डेपोच्या फाटकावर आतोबा स्वतः उभे राहायचे. मूठभर गवत घेऊन पिळायचं. काडी कटकन मोडली तर आत, नुसती वळली तर परत. मग लांब लोखंडी सळई भाऱ्यांच्या पोटात खुपसायची, जरा थांबायचं, बाहेर काढून मनगटाच्या आतल्या बाजूला लावायची. कोमट लागली तरी ट्रॉली परत. गंजी रचतानाही मधोमध भुसा भरलेलं पोतं उभं ठेवायचं आणि थर चढतील तसं ते वर ओढत न्यायचं, म्हणजे मध्ये नळीसारखी मोकळी जागा राहते आणि आतली वाफ वर निघून जाते. कारण ओलं गवत दाबून रचलं की आतून तापत जातं. लगेच काही होत नाही. आठवडे जातात. बाहेरून थंडगार, आत भट्टी. आणि एक दिवस आपणहून पेट घेतं.

मला हे खोटं वाटलं होतं. ओलं कसं पेटेल? मी फोनवर शोधलं. खरं आहे, जगभर होतं. पण तोपर्यंत मीही मनातल्या मनात बाकी सगळ्यांसारखंच म्हणत होते, की आतोबा मेव्हण्याला वाचवतायत.

मेव्हणा म्हणजे आत्याचा पाठचा भाऊ, माझे मोठे काका. बाबा सगळ्यात धाकटे, ते तेव्हा शाळेत होते. मोठ्या काकांकडे ट्रॅक्टर होता. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि मान लगेच दुखावायची. युद्धाच्या आदल्या वर्षी डेअरीच्या दारात आतोबांनी काकांच्या ट्रॉलीत सळई घातली, मनगटाला लावली आणि चारचौघांसमोर अर्धी ट्रॉली परत पाठवली. झालं! काका रुसले. बहिणीच्या घरी यायचे, पायरीवर बसायचे, आत यायचे नाहीत आणि पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. आत्याने आतोबांचं जिणं हराम केलं. "माझ्या भावाचा चारचौघांत पाणउतारा केलात. तो काय चोर आहे? पुन्हा त्याच्या गाडीला सळई लावलीत तर या घरात मी तरी राहीन नाहीतर ती सळई तरी." आतोबांनी कबूल केलं, नाही लावणार.

मग युद्धातला तो मोसम. तिकडच्या उतारावर गोळे पडायला लागणार अशी बातमी आली. सगळ्यांनी मिळेल तसं, दव वाळायच्या आधीच गवत कापलं आणि गाड्या भरल्या. काकांची ट्रॉलीही तिकडच्या गावातून मागून आणलेली होती, वर ताडपत्री घट्ट बांधलेली. फाटकावर ट्रॅक्टर थांबवून काका वरूनच ओरडले, "काय दाजी, सळई देऊ का आणून?"

रांगेतले सगळे हसले. आतोबाही हसले. आणि हात हलवून म्हणाले, "जा रे जा, आत घे."

बस्स. एवढंच. मी किती वेळा विचारलं, अजून काही? नाही. एवढंच. काकांच्या त्या मोसमातल्या सगळ्या फेऱ्या तशाच आत गेल्या. वरून साहेबाचा हुकूम आला की जागा वाया घालवू नका, गंज्या दाबून रचा, वरून जाळी टाका, विमानाला दिसता कामा नये. पोतं नाही, नळी नाही. आतोबांनी सांगून बघितलं. साहेब म्हणाला, "हे लष्कर आहे, तुमची डेअरी नाही."

काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी काका ती मागून आणलेली ट्रॉली परत द्यायला पूल ओलांडून तिकडे गेले. दुसऱ्या दिवशी भरदुपारी डेपो पेटला.

आतोबा आत धावले ते खेचरं सोडायला. दोऱ्या ओल्या करून बांधलेल्या, गाठी सुटेनात. हात त्यातच गेला. काही खेचरं बाहेर आली. बाकीच्यांबद्दल आतोबा बोलत नाहीत. सांगता सांगता त्या जागी आले की ते खिडकी बंद करायला उठतात. खिडकी आधीच बंद असली तरी उठतात.

चौकशी झाली. आग कोणी लावली? आतोबा म्हणाले, कोणी नाही, गवत ओलं होतं. चौकशीवाले हसले. ओलं गवत पेटतं होय? आदल्या संध्याकाळी कोण पळालं तिकडे? तुमचा मेव्हणा. मग? ठरलं. काका आगलावे. आतोबा मेव्हण्यासाठी खोटं बोलणारे, पण हात जळालाय म्हणून सोडून दिलेले. त्याच आठवड्यात पूल बंद झाला आणि काका तिकडेच राहिले.

मग तिकडून बातमी आली. काकांना तिकडे हार घातले. शत्रूचा डेपो जाळणारा शूर माणूस म्हणून एसटी स्टँडजवळ पंक्चर काढायचं दुकान दिलं.

त्या बातमीने आत्या संपलीच. आतोबांनी तिला शंभर वेळा सांगितलं असेल, अगं तो तिकडे गेला तेव्हा त्यांनी आधी धरलंच असेल त्याला, शत्रूला गवत पुरवतोस म्हणून. मग आगीची बातमी पोचली असेल. कोणीतरी विचारलं असेल, तू लावलीस का रे? त्याने मान हलवली असेल. मीसुद्धा हलवली असती. आत्याचं उत्तर एकच. "तुम्ही चांगले आहात. माझ्या माहेराची अब्रू झाकताय. पण माझ्या भावाने माझ्या नवऱ्याचा हात जाळला, आणि वर हार घालून घेतले."

म्हणजे बघा ना, आतोबा खरं बोलतायत, आणि ते इतके चांगले आहेत म्हणूनच कोणाला खरं वाटत नाही. यावर काय करायचं असतं?

आता मुद्दा असा, की पूल गेल्या वर्षीपासून थोडासा उघडलाय. रक्ताच्या नात्याला पास मिळतो. पुलाच्या मधोमध पत्र्याची शेड आहे, तिथे बसून भेटायचं आणि परत यायचं. पुढे कधी बंद करतील नेम नाही, मागेही एकदा असाच उघडून बंद केलाय. काकांना तिकडच्या कोणीतरी पाहिलं, ते खोकतात म्हणे, फार खोकतात. आतोबांना एकच हवं होतं. आत्याने एकदा जाऊन भावाला भेटावं. ती जायला तयार नव्हती.

या सुट्टीत मी गेले तर आतोबा केंद्रामागच्या मोकळ्या जागेत गवत कापत होते. डाव्या हाताने.

"काय करताय?"

"गंजी. ये, तुडव."

"कशाला?"

"तुझ्या आत्याला दाखवायचंय. पेटतं ते."

मला वाटलं म्हातारपण आलं. पण कोणी काम सांगितलं की मी आधी करते आणि मग विचार करते, त्यामुळे चप्पल काढून नाचायला लागले गवतावर. दूधवाल्याने दोन भारे दिले, मुद्दाम ओले. दाबून दाबून रचलं, पोतं नाही, नळी नाही, वर जुनी ताडपत्री. आत्या वरून खिडकीतून बघत होती.

"लोकांचे म्हातारे पत्ते खेळतात! आमचे गवत खेळतायत!"

"खाली ये की."

"कशाला येऊ? आग लावणारी माणसं आमच्या घराण्यात आहेतच, तुम्ही कशाला नवीन शिकताय?"

आतोबा सळई खुपसून आले.

मग आमचा रोजचा कार्यक्रम. सकाळ-संध्याकाळ सळई बाहेर काढायची, आतोबा मनगटाला लावायचे, मग माझ्या मनगटाला. आधी काहीच नाही. मग कोमट. मग चांगलीच गरम. आणि वास यायला लागला. साखर करपवल्यासारखा, जरा तंबाखूसारखा, गोड. मला छान वाटला. आतोबांना घाम फुटला. "हाच," म्हणाले, "हाच वास होता. आणि मी म्हटलं, यंदा गवत किती गोड आहे."

वास वर आत्यापर्यंतही पोचला असणार. पण तिने खिडकी लावली नाही, हे मी पाहिलं.

एक दिवस आतोबा दवाखान्यात गेले होते. मी जिन्यात बसून फोन बघत होते आणि आत्या खाली उतरली. मला वाटलं कपडे वाळत घालायला. ती थेट गंजीकडे गेली, इकडेतिकडे बघितलं, पदर हातात धरला, मग सोडून दिला, आणि उघड्या हाताने सळई ओढली. सळई खणकन खाली पडली. आत्या हात झटकत तिथेच उभी. मी धावले.

"भाजलं?"

"नाही."

भाजलं होतं. बोटं लाल झाली होती. मी तिला नळाखाली नेलं. पाणी वाहत राहिलं आणि ती पाण्याकडे बघत म्हणाली, "एवढं तापतं?"

"हो."

"वरून तर गार आहे."

"हो ना."

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्यांना. सळई लावलीत तर मी घरात राहणार नाही म्हणून." आणि लगेच, "त्यांना सांगू नकोस बोटांचं. उगीच शेफारतील."

तेव्हा मला पहिल्यांदा कळल्यासारखं वाटलं की आत्याला ओल्या गवताचं खरं का मानायचं नव्हतं. भाऊ आगलाव्या असला तर सगळा दोष त्याचा. गवत ओलं असलं तर थोडा त्याचा, थोडा आतोबांचा, थोडा साहेबाचा, आणि थोडा तिचा. किंवा हे सगळं मी बनवतेय. मला खरंच माहीत नाही. मी तिला विचारलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

आणि गंमत म्हणजे गंजी पेटलीच नाही! तापली, वाफाळली आणि हळूहळू गार पडली. आतोबांनी उकरली तर आत सगळं काळं, बुरशी आलेलं, पण आग नाही. "ढीग लहान पडला," ते म्हणाले. "मोठी गंजी स्वतःची ऊब धरून ठेवते. ही वाऱ्याने खाल्ली." इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. वर आले आणि आत्याला म्हणाले, "नाही पेटलं."

आत्या कणीक मळत होती. डाव्या हाताने. "दिसतंय मला. उद्या माझ्याबरोबर पासाच्या ऑफिसात चला, तिथे मला एकटीला काही कळायचं नाही."

आतोबा माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

पासाच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाईने आत्याचं लिहून घेतलं, भाची म्हणून... नाही, काकांची पुतणी म्हणून माझं लिहून घेतलं, आणि आतोबांना विचारलं, "तुमचं नातं?"

"माझा मेव्हणा."

"रक्ताचं नाही. सोयरिकीला पास नाही."

"अहो, पण भांडण माझं आणि त्याचं आहे!"

"भांडणालाही नाही," ती म्हणाली. वाईट बाई नव्हती. हसली, आणि मग तिला वाईट वाटलेलं दिसलं.

तर गेलो आम्ही दोघीच. शेडमध्ये लांब टेबल, दोन्ही टोकांना दोन्हीकडचा एकेक माणूस. नियम असा की मोठ्याने बोलायचं, कुजबुज चालत नाही, दोघांना ऐकू गेलं पाहिजे. मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. आत्या विचारणार, तू लावलीस का. काका नाही म्हणाले तर तिकडचा माणूस ऐकणार, मग ते हार, ते दुकान, सगळं खोट्यावर मिळालेलं ठरणार. हो म्हणाले तर आत्या उठून जाणार आणि परत कधी येणार नाही. मी आत्याचा हात ओढला, सांगू तरी कसं? कुजबुज चालत नाही!

काका आले. मोठ्या आवाजाचा, मोठ्या हसण्याचा माणूस, असं मी ऐकत वाढलेय. आला तो एक बारीक म्हातारा, हाताला ग्रीस, स्वेटरला दोन बटणं कमी. बसले. खोकले. आत्याकडे बघितलंच नाही, टेबलाकडे बघत विचारलं, "दाजींचा हात कसा आहे?"

आत्याने पदर सारखा केला. घड्याळ टिकटिकतंय. मला वाटलं आता ती तो प्रश्न विचारणार.

तिने विचारलं, "गवत ओलं आणलं होतंस का रे?"

एकदम खेकसून. म्हणजे घरात लहान भावाने चिखलाचे पाय आणले की ओरडतात तसं. दोन्हीकडची दोन्ही माणसं दचकली.

काकांनी मान वर केली. तिकडच्या माणसाकडे बघितलं, खरंच बघितलं, मी पाहिलं. मग म्हणाले, "हो ताई."

"ओलं? माहीत होतं तुला?"

"वरचं वाळलेलं होतं. आतलं नव्हतं. गोळे पडणार होते, थांबायला वेळ नव्हता. वाटलं, दाजी बघतीलच."

"गाढवा!" आत्या म्हणाली. "ते कसे बघतील? मी त्यांना शपथ घातली होती, मूर्खा, तुझ्यापायी!" आणि रडायला लागली, आणि काकाही, आणि खोकला, आणि मी पाण्याची बाटली शोधत सगळी पिशवी टेबलावर ओतली.

इकडचा माणूस खिडकीबाहेर बघत होता. तिकडच्याने पेन खाली ठेवलं होतं. त्याने परत उचललं का, काही लिहिलं का, मला दिसलं नाही, बाटलीच्या नादात. मी रोज आठवायचा प्रयत्न करते. नाही आठवत. त्याचा चेहरा रागावलेला होता, की नुसताच कंटाळलेला? काय माहीत.

वेळ संपताना मी काकांना मोठ्याने विचारलं, "काका, मी हे लिहू का?" त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. धाकट्याची पोर एवढंच.

"बोललो ते बोललो," ते म्हणाले. "लिही. दाजींना सांग, पुढची फेरी ते उघडून बघू देत." आणि हसले. तेवढं हसणं मात्र मोठं होतं.

घरी आल्यावर आतोबांना सगळं सांगितलं. आत्याने सांगितलं, मी नाही. ते ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, "जेवला होता का तो?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. विचारायचं राहिलं होतं.

काकांचं दुकान अजून आहे की गेलं, आम्हाला कळलेलं नाही. आत्याला आणि मला परत पास मिळायला वेळ लागणार आहे, आणि आतोबांना तर मिळणारच नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांत ज्यांचं कोणी तिकडे आहे आणि ज्यांना शेडच्या पुढे, पलीकडे गावात जायची वेगळी परवानगी मिळते, त्यांनी प्लीज एसटी स्टँडजवळ बघा. पंक्चर काढणारा, बारीक, खोकणारा म्हातारा. सायकल नसली तरी थांबा. दाजींचा हात बरा आहे म्हणावं, चहा डाव्या हाताने पितात पण सांडत नाहीत. जेवलात का तेही विचारा. आणि लवकर जा हो, पूल आहे तोवर.